एकतीस आंबे

परातीत कोमट पाणी, त्यात पाकिटांचे कोपरे.
थोड्या वेळाने डिंक हार मानतो
आणि तिकीट एकटंच वर येतं.
चिमट्याने उचलून टीपकागदावर पालथं घालते.
वेंगुर्ल्याच्या हवेत ते दोन दिवस वाळत नाही,
कडांनी वळतं, झोपेत कूस बदलावी तसं.

आधी विषयाने लावली.
धरण, इंजिन, अणुभट्टी एका पानावर.
चितळाशेजारी कोणार्कचा हत्ती;
मग वाटलं, हत्ती दगडाचा, त्याला देवळांत न्यावं,
तर चितळ एकटं पडलं.
चहा खुडणारी बाई शेतीत, की बायकांत?
पत्र लिहिणारी तर कुठेच बसेना,
ती लिहीतच राहिली.

पास्कू फर्नांडिस, छत्तीस वर्षं शिक्के मारलेला माणूस,
पडवीतून म्हणाला,
"किमतीन लाव गो. पैशे चढत जातत तशी.
चित्रां कोण बघता?"

मग आकाराने. उभी उभ्यांत, आडवी आडव्यांत.
पान शाळेच्या रांगेसारखं सरळ झालं
आणि काही बोलेना.

नियम असा की एका चित्राची एकच प्रत,
ठसा हलका, दाते शाबूत.
आंब्याचे निघाले एकतीस.

बाबा दीपगृहावर. वेरावळ, कारवार, मिनिकॉय,
बदली झाली की नवा दिवा, तोच समुद्र.
वीस पैशांत जाणाऱ्या पत्राला
ते पन्नासाचा आंबा लावत.
आई पत्र वाचायच्या आधी तिकीट बघे
आणि म्हणे, उधळ्या.

ठशांवर भिंग धरलं:
एप्रिल, मे, मे, पुसट, मे.
अल्बमात जादांना पान नसतं.
मी यंत्रांचं पान रिकामं केलं,
धरण अणुभट्टीसकट पाकिटात गेलं.

एकावर ठसाच नाही.
कुठल्या पत्राचं, कुठल्या दिव्याखालचं,
ते आता परातीतल्या पाण्यालाच ठाऊक.
पास्कूने उजेडात धरून पाहिलं.
"शिक्को चुकलो. कोणाचो तरी हात दुखत असतलो.
परत लाव, चालता."

पन्नास पैशांत आज पत्र
दाभोली नाक्यापर्यंतही जायचं नाही.
तरी उलटून पाहिलं.
डिंक नव्हता.
भाताचं शीत लागलं असतं.