गच्चीवरची गादी

गादीचे चाळीस शेकेल, उशी फुकट,
ऊन चढलं की जाग आपोआप येते,
हे मी रोज सांगतो, सात मोडक्या भाषांत.
लोक हसतात, सॅक टेकवतात
आणि घुमटाकडे बघत उभे राहतात,
जणू भाडं त्याचंच भरलंय.

परवा एक पोरगी आली, ओस्लोची, टाचांना फोड.
तीळ लावलेला लांब काअक पाव
तिने दोन दिवस पुरवला,
झातरची पुडी चाटूनपुसून.
पहाटे अजान, मग घंटा, मग खाली गल्लीत
गॅसवाल्याची टाक्यांवर ठणठण.
तिने विचारलं, यातली प्रार्थना कुठली?
म्हटलं, ज्याचा गॅस संपलाय त्याला विचार.

चादरी धुते उम्म वदीअ.
ती बेथलेहेमहून येते, म्हणजे नऊ-दहा किलोमीटर,
म्हणजे रात्री तीनला उठून, रांगेत,
परवाना छातीशी धरून.
कधी येते. कधी नाही.

आज नाही.
चादरी मीच काढल्या बादलीतून.
पोरीने न विचारताच दुसरं टोक धरलं,
ती उजवीकडे, मी डावीकडे, पीळ देत राहिलो.
कुठून येते ती बाई?
मी हात केला: त्या टेकडीमागून.
एवढंच? म्हणाली,
आणि मग दोरी भरेपर्यंत गप्प.

रात्री वही उघडली.
नाव, देश, कुठून आलात, पुढे कुठे.
उम्म वदीअ या वहीत नाही.
तिची रबरी चप्पल आहे, मोरीपाशी,
अंगठ्याजवळ तारेने शिवलेली.
पाहुणे कुणाचीही चप्पल घालतात,
म्हणून ती मी
वरच्या फळीवर ठेवतो.