कारणाचा रकाना

दुपारचे दोन. बाहेर उणे नऊ.
हवामानवाले सांगतात, रात्री उणे चौदा.
म्हणजे उणे अकरा असेल, किंवा उणे एकोणीस.
हे ‘म्हणजे’ माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतं,
उठत नाही.

वायू पळत नसतो.
इन्चुकाल्न्सच्या जंगलाखालून आत्ता सोडला
तर सायकलवाल्याच्या चालीनं
रेझेक्नेला पोचेल रात्री नवाला.
नवाची ऊब दोनलाच ठरवायची,
कुणालाही न विचारता.

जास्त सोडला, तर झेनोन्स खर्चाचा कागद नाचवतो.
कमी सोडला, तर कुणीच काही बोलत नाही,
फक्त टोकाच्या गावातला काटा
एकवीस, वीस, अठरा
असा मुकाट उतरत जातो.

त्यात आज हॉकी.
मध्यंतरात सगळा देश एकदम शेगडी पेटवणार,
हरलो तर जेवायच्या आधीच झोपणार.
हे कुठल्या सूत्रात बसवू?

आईला फोन लावला.
ती त्या वाहिनीच्या अगदी शेवटाला, तिसऱ्या मजल्यावर.
‘थंडी आहे का गं?’
‘छे! इथं कसली थंडी?’
मागं ओव्हनचं दार कुरकुरलं.
उघडंच ठेवते ती, भाजून झाल्यावरही,
आणि पाय तिकडे करून बसते.

मी म्हटलं, इल्झे, दोन बार वाढव.
‘कशाच्या आधारावर?’
नोंदवहीत रकाना असतो : कारण.
मी लिहिलं : वारा.

रात्री नऊ. उणे दहा.
पानसुद्धा हललं नाही कुठं.
झेनोन्स सकाळी येईलच.
तोवर वाहिनीत दोन बार
गाठीला बांधल्यासारखे.