पाव आटा

इब्रीच्या सनाय्यात, तिसऱ्या गल्लीत,
टायरवाल्यापुढं एक शेळी कायम रस्त्यात बसलेली असते,
तिला वळसा घालून सोमवारी हमूद बिन साईफची गाडी आली.
अठ्ठ्याऐंशीची पिकअप. मूळ रंग पांढरा,
तो आता फक्त दाराच्या आतल्या कडेला.

सोबत मुलगा, मुहन्नद. मस्कतला बँकेत.
यादी त्याच्या फोनमध्ये:
पुढचे-मागचे कमानपाटे नवे, दोन इंच उंच,
शॉकॲब गॅसचे, बुश सगळे, शॅकल,
टाय रॉडची टोकं, स्टिअरिंगला डँपर.
"आणि तो खेळ काढून टाका," हिंदीत म्हणाला,
"बाबा चाक फिरवतात, गाडी मग विचार करते."

म्हातारा गप्प.
बॉनेटवर पंजा ठेवून उभा,
गाभण जनावराच्या पोटावर ठेवतात तसा.

यू-बोल्ट निघेनात.
डिझेल पाजलं, तापवलं, शिव्या घातल्या,
माझ्या विट्याच्या, कुंजुमोनच्या त्रिशूरच्या,
शेवटी ग्राइंडर.
जुने पाटे खाली आले ते सपाट,
कमान म्हणावी असं काही उरलं नव्हतं त्यांत.
तिसऱ्या आणि चौथ्या पाट्याच्या मधे
खजुराच्या दोन बिया.
कशा गेल्या कुणास ठाऊक.
मी त्या खिशात टाकल्या. का, ते विचारू नका.

नकलमधलं ग्रीस काळं, डांबरासारखं,
बोटावर घेतलं तर वास थेट विटा डेपोचा.
घोरपडे मिस्त्री खड्ड्यात उभे राहून ओरडायचे:
"बघतोस काय? हलव. ऐक. परत हलव."
त्याला एकवीस वर्षं झाली.
इथं येऊन नऊ. त्यात घरी चारदा.
पोरगी फोनवर आता मला 'तुम्ही' म्हणते.
कधीपासून, ते नेमकं ध्यानात नाही.

पुढची चाकं सुतळी ताणून जुळवली,
तीन मिलिमीटर आत.
स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू
हळूहळू आवळत नेला,
खेळ शून्य.

बुधवारी दुपारी वादीतून ट्रायल.
हमूद चालवतोय, मी शेजारी.
दगड आले, गेले, ढुंगणाला पत्ता नाही.
मी मनात मजुरीचा हिशेब वाढवत होतो,
तेवढ्यात त्यानं गाडी बाभळीखाली थांबवली.
स्वतःच्या तळव्यांकडं बघत बसला.

अरबी मला पान्यापुरतं येतं.
पण त्यानं हातांनी सांगितलं:
मांडीवर एवढंसं पोर,
त्याचे पंजे चाकावर,
आणि दोन बोटांची मोकळी जागा,
डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं.
गाडी आपली सरळ.
पोराला वाटायचं, आपणच नेतोय इब्रीपर्यंत.

"मुहन्नद?" मी विचारलं.
त्यानं मान हलवली आणि काच खाली केली.
गरम वारा आत आला.

गॅरेजवर परतल्यावर मी म्हटलं, एक राहिलंय.
बॉनेट उघडलं.
लॉकनट ढिला केला,
स्क्रू उलटा, पाव आटा.
जरा थांबून, आणखी केसभर.
नट आवळला.
कुंजुमोननं पाहिलं आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी मुहन्नदनं पैसे मोजले.
"खेळ निघाला ना सगळा?"
"निघाला," मी म्हटलं.
आयुष्यात गिऱ्हाइकाशी एवढं सरळ तोंड करून
कधी खोटं बोललो नव्हतो.

तो त्याच्या गाडीनं पुढं गेला.
म्हातारा मागून, सावकाश,
दोन इंच उंचावर बसलेला.
गल्लीच्या तोंडाशी, टायरवाल्याच्या अलीकडं,
मला मागच्या काचेतून त्याचे हात दिसले,
डावीकडं, उजवीकडं, डावीकडं.
गाडी सरळ.
शेळी उठली नाही.