एकोणिसावी पातळी

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, तिसरा मजला.
पुठ्ठ्याच्या पडद्याआड मी बसतो,
गॅसच्या बिलामागे लिहिलेली राक्षसांची यादी घेऊन.

तीन महिने रचलेला ड्रॅगन
शाल्मलीने चहा उकळायच्या आत संपवला.
इरफानचा मांत्रिक डोंगर उचलतो, मला न विचारता.
आणि भालेकरकाका, सिडकोतून निवृत्त,
मेले तरी पुढच्या फेरीत उठून बसतात,
म्हणतात, "खारे दाणे संपले का?"

यांना आता भीती घालायची कशाची?
दरी म्हटलं की उडतात.
कुलूप म्हटलं की भिंतच नाहीशी.
देव आणला एकदा,
त्याच्याशी घासाघीस केली,
एपीएमसीत कांद्याची करावी तशी.

काल थकून वहीचं पहिलं पान काढलं.
तेव्हा तिघांत मिळून एक तलवार होती, तीही गंजकी.
म्हणालो: वेशीवर एक बाई उभी आहे.
म्हणते, उपाशी होतात तेव्हा भाकरी दिली होती मी,
परतताना माझ्या मुलाला शोधून आणतो म्हणालात.
ओळखलंत का?

इरफानने मंत्रांची पानं चाळली. पुन्हा चाळली.
शाल्मलीने फासा मुठीत खुळखुळवला,
"कशावर टाकू?"
टाकायचा नाहीये, मी म्हणालो.

खाली वॉचमनने गेट ओढून घेतलं.
काकांनी मिठाचे हात लेंग्याला पुसले.
"पोराचं नाव लिहिलं होतं मी,
कुठल्याशा कागदावर..."
आणि पिशवी उपसायला लागले.