शेरा

डिग्रजच्या बंधाऱ्याचे बर्गे काढायला घेतले तेव्हा
आम्ही वरच्या अंगाला, करंजाच्या मुळीला
नाव बांधून बसलो होतो. सकाळी सातपासून.
नावेत मी, एक वल्हं, एक बांबू,
पाणी उपसायला डालड्याचा डबा,
आणि तोंडाशी यल्लाप्पा आंबी, माझे चुलत आजोबा,
ज्यांची उजवी बाजू आणि सगळी भाषा
गेल्या दिवाळीत गेली.

नाव हरिपूरला पोचवायची होती.
आमच्या घाटावर पूल झाला, उतारू संपले,
हरिपूरच्या मासेवाल्यानं अठरा हजार कबूल केले,
दोन आधी दिले.
ट्रॅक्टरवरून नेता आली असती.
म्हातारा नको म्हणाला.
म्हणाला म्हणजे
डावा तळवा फळीवर आपटला, तीनदा.

आमचं ठरलेलं होतं:
एक थाप, डावीकडं. दोन, उजवीकडं.
तळवा नुसता टेकवला, तर थांब.

गाळा सहा फूट. नाव साडेचार.
उरलेल्या दीड फुटात
दोन्ही बाजूंचं पाणी आणि माझी अक्कल.

वर नऊ फूट, खाली तीन.
मधे पाण्याची एक पायरी,
हिरवी, काचेसारखी,
आणि तिच्या पायाशी सगळा आरडाओरडा.

"ए पोरी, सोड की आता!"
वरून बाळगोंडा मगदूम ओरडला, पाटबंधाऱ्याचा माणूस,
"मला जेवायला जायचंय!"
तळवा टेकलेला.

जलपर्णीचा एक पुंजका गाळ्यात शिरला,
आडवा झाला, खांबाला घासला, बुडाला,
लांब खाली उताणा निघाला.
दुसरा गिरकी घेऊन गेला.
म्हातारा बघत होता,
बाजारात बैलाचे दात बघावेत तसा.

ऊन डोक्यावर आलं. भाकरी खाल्ली, त्यांना भरवली.
बर्गा निघे, लोखंड वाजे, पायरी थोडी खचे.
पायरीचा उतार झाला,
उताराची सुरकुती,
आणि कधीतरी, मी तंबाखूची पुडी शोधत असताना,
वरचं पाणी न् खालचं पाणी
एकमेकांना ओळखेनासं झालं.

एक पुंजका सरळ गेला. न फिरता.
तळवा उचलला गेला.

मी दोर सोडला.
एक थाप. एक. दोन.
खांब एवढा जवळ आला की
त्यावरचे गेजचे आकडे वाचता येत होते,
शेवाळातला पाच, अर्धा पुसलेला सहा.
मी थापेची वाट बघितली.
थाप नाही. तळवा टेकलेलाही नाही.
हात हवेत, पंजा उघडा,
आमच्या ठरावात नसलेली खूण.

झोपले काय? गेले काय?
माझं वल्हं पाण्यात, दंड ताठ,
आता मारू की नंतर, डावीकडं की उजवीकडं,
आणि मग, का कुणास ठाऊक,
मी वल्हं आत ओढलं
आणि मांडीवर आडवं ठेवलं.

गाळ्यात गारवा होता. पाकोळ्यांचा वास.
दोन्ही भिंती आमच्या शेजारून चालत गेल्या.

खाली ऊन पुन्हा अंगावर आलं तेव्हा
म्हाताऱ्यानं हात नदीत बुडवला,
ओला तळवा माझ्या दिशेनं झटकला.
शिवी असावी. किंवा नसावी.

बाळगोंडा कठड्यावर रजिस्टर घेऊन वाकला होता.
तारीख, वेळ, वरची पातळी, खालची पातळी.
नावेसाठी त्यात रकाना नाही.
पेन कानावर ठेवलं, पुन्हा काढलं,
आणि शेऱ्याच्या जागी लिहिता लिहिता
मोठ्यानं वाचलं, आम्हाला ऐकू यावं म्हणून:
"दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.
एक नाव गेली."

हरिपूर अजून लांब होतं.
मी डब्यानं पाणी उपसायला घेतलं.