जाहीर किंमत

नारिनमध्ये डिसेंबरात पाचला दिवस संपतो.
सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे आमची खोली,
तिथे हीटरपेक्षा संगणकच जास्त ऊब देतात.
चौघांची अडीच वर्षं आज एका फाइलीत मावली:
आमच्या भाषेत जागी होणारी कार्यप्रणाली,
कळफलकावर ती तीन अक्षरं असलेली
ज्यांच्या जागी शाळेतली पोरं आजवर
शेजारचं अक्षर उसनं घेत.
ती तीन मी बसवली. बाकी सगळं त्यांचं.

आता द्यायची कशी?

बेकतुर म्हणाला, इंटरनेटवर ठेवू,
ज्याला हवी तो उतरवून घेईल.
चोल्पोन हसली. तिची शाळा अत-बाशीच्याही पलीकडे,
तिथे चार गिगाबाइट उतरायला आठवडा लागतो
आणि सहाव्या दिवशी वीज जाते.
"ज्याला हवी, तो नेमका तिथेच राहतो."

मग तबकड्या? त्या फिरवणारं यंत्र कुणाकडे उरलंय.
मग पेनड्राइव्ह, बिश्केकच्या बाजारातले,
दहातला एक पहिल्याच दिवशी मान टाकणारा.
चाळीस हवेत, तर पंचेचाळीस आणा.

सगळ्यात जास्त भांडलो वायफायच्या ड्रायव्हरवरून.
तो बंदिस्त. त्याचा स्रोत कुठल्याशा कंपनीच्या तिजोरीत.
इलगिझ म्हणाला, हा आत आला
तर दारावर 'मुक्त' लिहायचा हक्क गेला.
चोल्पोन म्हणाली, हा आला नाही
तर माझ्या अकरा लॅपटॉपांना दारच नाही.
चहा निवला. कुणी कुणाकडे बघेना.
शेवटी त्याला वेगळ्या कप्प्यात ठेवलं, वर चिठ्ठी:
यात काय आहे ते आम्हालाही दिसत नाही.
इतकं खरं वाक्य
आमच्या अख्ख्या माहितीपुस्तिकेत दुसरं नव्हतं.

इलगिझची आई नमद्याचे गालिचे शिवते.
उरल्या तुकड्यांच्या तिने चाळीस पिशव्या केल्या,
जो रंग हाती लागला त्याच्या.
बेकतुर कासावीस: लोक विचारतील,
लाल म्हणजे नवी आवृत्ती का? निळी म्हणजे शिक्षकांसाठी?
प्रत्येकीत एक कागद, चौसष्ट चिन्हांची ओळ;
ही जुळली, तर मधे कुणाचा हात लागलेला नाही.
"माझा तर चाळीसही पिशव्यांना लागलाय,"
आई म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.

टपाल कचेरीत खिडकीमागे बुरुलचा.
अर्जात एक रकाना: जाहीर किंमत.
मी म्हटलं, काही नाही. फुकट आहे.
"शून्य चालत नाही."
पण खरंच शून्य आहे.
"अरे बाळा, शून्याची वस्तू घाटात हरवली
तर शोधायला कोण उठेल?"

मागे गाजरांची पेटी घेतलेला माणूस खाकरला.
मला परवान्यातली सगळी कलमं पाठ होती:
वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या.
हरवली तर काय, हे कलम नव्हतं.

तिने एक पिशवी उघडली, पेनड्राइव्ह उलटा करून पाहिला.
"मी यातून उतरवून घेतलं तर तुमचं कमी होईल?"
नाही.
"मग सील करायच्या आधी दे. नातवाचा संगणक आहे."
तो कचेरीच्याच यंत्रात खुपसून ती थांबली,
रांगही थांबली, गाजरंसुद्धा.
मग चाळीस अर्जांवर तिने स्वतःच्या हाताने भरलं:
पंचवीस सोम.
हे कशाचे, मी विचारलं.
"एका पावाचे. पावासाठी माणूस उठतो."
आणि शिक्का मारत सुटली.

रात्री बेकतुरला घड्याळात चूक सापडली:
एकोणतीस फेब्रुवारी येतच नाही.
पाकिटं तोवर निघाली होती, घाटाखाली बर्फात अडकली होती,
आणि दिलेलं परत मागायची सोय
आम्ही कुणी ठेवली नव्हती.

दुरुस्ती झाली, की पुन्हा चाळीस.
या वेळी रंग कोणता,
ते इलगिझच्या आईला आधीच विचारायला हवं.