निळी, नारिंगी, गुलाबी

इचलकरंजीच्या आयटीआयत
निळी म्हणजे फेज. हात लावशील तर जाशील,
म्हणायचे निड्डे सर, आणि कानामागे
टेस्टर खोचून वर्गभर फिरायचे.

इथे टेलफर्डला, पॅनेलच्या आत, निळी म्हणजे चोवीस व्होल्ट डीसी.
गरीब बिचारी.
पहिले काही महिने तरी मी निळी धरताना
अंगठा आत वळवून घ्यायची.
डोक्याला कळलेलं हाताला कळायला वेळ लागतो.

नारिंगी मात्र लगेच पटली:
मेन स्विच खाली ओढला, कुलूप घातलं,
चावी खिशात टाकली,
तरीही जी जिवंत राहते ती नारिंगी.
तिचा जीव दुसरीकडून येतो.
अशी एक आत्या होती आमच्याकडे.

परवा एक जुनं पॅनेल परत आलं,
टॅमवर्थच्या बिस्किट कारखान्यातलं,
पीठ मळायच्या यंत्राचं.
काम किरकोळ, नवा ड्राइव्ह बसवायचा.
दार उघडलं तर साखरेचा वास,
कोपऱ्याकोपऱ्यात मैदा,
आणि वायरी अशा शिस्तीत
की बघतच राहिले.
वळण सारखं, नंबर सगळे एका दिशेला.
कुणाचा बरं हा हात?

मग अकरा आणि बारा नंबरच्या मध्ये
बोटभर निळी.

झाकणाच्या स्विचची दोन टोकं
एकमेकांना जोडून टाकलेली.
म्हणजे झाकण उघडं असो की बंद,
यंत्राला निरोप एकच: बंद आहे, चालू दे.

तिलाही फेरूल होती. तिलाही नंबर.
गबाळी असती तर कुणाच्याही नजरेत आली असती.
इतकी नेटकी होती
की खरी वाटत होती.

फाइल काढली. तीन वर्षांपूर्वीची.
वायरिंग: मी.
तपासणी: मी.
ग्लेनिस त्या आठवड्यात तापाने घरी,
लॉरी फाटकाशी उभी,
आणि कॅलम म्हणाला होता, तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे की.
‘सक्षम व्यक्ती’ असं छापलेल्या ओळीवर माझी सही,
शेपूट वर ओढलेली, खुशीतली.

चाचणीपुरती जोडली होती, एवढं आठवतं.
काढल्याचं आठवत नाही.

कारखान्यात फोन लावला.
शिफ्टवरची इव्होना म्हणाली,
हो, झाकण उघडं असलं तरी चालतं ना,
आम्ही हात घालून कडेचं पीठ सोडवतो,
बरं पडतं, वेळ वाचतो.
कुणाला लागलं कधी?
छे.
बोलता बोलता तिची बोटं
टेबलावर वाजत होती.
मी मोजायला लागले.

त्याच बनावटीची आणखी दोन यंत्रं तिथे होती.
फोन ठेवायच्या आधी बंद करायला लावली,
कुलपं घालायला लावली,
इव्होनाने कुणाला तरी ओरडून बोलावलं,
यंत्रांची घरघर थांबेपर्यंत
मी कानाला फोन लावून उभी.

ग्लेनिस काहीच बोलली नाही.
चष्मा कपाळावर सरकवून लिहून घेतलं तिने,
तारीख, टर्मिनल, माझं नाव,
सहा वर्षांत पहिल्यांदाच
प्रत्येक अक्षर विचारून.
काही झालं तर नाही ना, कॅलम म्हणाला.
नेमका तोच घास मला गिळता येईना.

हल्ली चाचणीसाठी जोड लागली
तर मी गुलाबी वायर घेते.
हातभर लांब, भडक,
लग्नातल्या फेट्यासारखी,
मुद्दाम दाराबाहेर लोंबती ठेवते.
पोरं हसतात.
हसू देत.
ती आत असेपर्यंत दार लागत नाही,
लॉरी फाटकाशी उभी असली तरी.